निशाणधोंड्यावरचा खांदा

चैत्र मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी तोंड वाकडं करायला नको. लोकांना चैत्र म्हटलं की कोवळी पालवी आठवते, आंब्याची डाळ आठवते, मखरातली गौर आठवते. आठवू दे बापडी. मला आठवतो तापलेल्या दगडाचा वास. रिकामा तवा चुलीवर विसरला की घरभर जो वास सुटतो ना, तसला. परवा दुपारी खिडकी लावायला उठले आणि समोरच्या गच्चीवरून तोच वास आला. झालं. पुढचा सगळा दिवस मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते आणि सूनबाई बिचारी रक्तदाबाची गोळी शोधत होती.

त्या वासामागून बोडका येतो. बोडका म्हणजे आमच्या गावामागचा डोंगर. कोल्हापूर म्हटलं की परमुलखातल्या माणसाला पाणीच पाणी दिसतं. पंचगंगेचा पूर, आजऱ्याची भातं, चंदगडचा पाऊस. त्यांना म्हणावं, जरा पूर्वेला या. पश्चिमेच्या डोंगरांवर सगळा ओतून झाल्यावर उरलेला पाऊस आमच्याकडं यायचा, वरातीच्या मागून येणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. चार शिंतोडे टाकायचा आणि तसाच पुढं जायचा. बोडक्यावर तर तेवढेही टिकायचे नाहीत. माथ्यावर झाड नाही, झुडूप नाही. निवडुंग, कुसळं, विंचू आणि धोंडे. त्या डोंगरानं कधी कुणाला सरपण दिलं नाही की सावली दिली नाही. डोंगर म्हणजे आई असं शाळेच्या पुस्तकातून मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण शिकवताना डोळ्यांसमोर बोडका आला की जीभ अडखळायची. असली आई कुणाला मिळू नये.

गावानं तिथल्या धोंड्यांना नावं ठेवली होती. नावं ठेवण्यात आमचं गाव पहिल्यापासून पुढं. एकमेकींकडं पाठ करून बसलेले दोन मोठे धोंडे म्हणजे 'जावा'. एक 'बसका बैल', एक 'म्हातारी'. आणि सगळ्यांच्या वर, अगदी माथ्याला, निशाणधोंडा. जुन्या चिंचेएवढा उंच. मागच्या अंगाला त्याला एक धाकटा धोंडा टेकलेला होता. माथ्यावरून त्या धाकट्यावर उडी टाकून उतरता यायचं, पण तिथून वर चढता यायचं नाही. चढायचं ते समोरूनच. समोर पहिल्यांदा एक पायरी, तिला 'उंबरा' म्हणायचे. मग बोटं जेमतेम शिरतील एवढी उभी चीर, ती 'चिकटी'. चिकटी संपते तिथं पाऊल आडवं ठेवण्यापुरती कड, आणि त्या कडेच्या वर धोंड्याचं पोट, पंगतीतून उठलेल्या पाटलासारखं पुढं आलेलं. पोटावर हाताला काही लागत नाही. एकच शिंगासारखा उंचवटा आहे, तोही मुठीत पुरता येत नाही. तिथं आला की भल्याभल्यांना आपली आई आठवायची.

आमचे आप्पा ते पोट दरसाल चढायचे. माझ्या थोरल्या भावाला, शिदूदादाला, त्यांनीच शिकवलं. "हातानं चढाय गेलास की मेलास," ते सांगायचे. "हात निस्ता धोंड्यावर ठेवायचा, मी हितं हाय म्हणून सांगायला. चढायचं पायानं. पायावर इस्वास ठेव." दादाच्या मागून शेळ्या राखायला मी जायची, ऐकायची आणि परकर खोचून चिकटीपर्यंत चढायचीही. आईनं एकदा बघितलं आणि पाठीत असा धपाटा घातला की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण मी काही ऐकणाऱ्यातली नव्हते. अजूनही नाही.

आता ही चढाई कशासाठी, ते सांगते. डोंगराच्या पायथ्याला पीरसाहेबांचं ठाणं आहे. पाडव्यानंतर त्यांचा उरूस भरायचा. पूजाअर्चा मुजावरांच्या हुसेनमामांकडं आणि धोंड्यावर हिरवं निशाण लावायचा मान आमच्या घराकडं. मुसलमानाचा पीर आणि मान मराठ्याचा, हे कसं काय, असं आता शिकलेली माणसं मला विचारतात. तेव्हा कुणी विचारत नव्हतं. पीर गावाचा होता, एवढं पुरत होतं. रिवाज मात्र कडक. पायात वहाण नको, हातात दोर नको, धोंड्याला लोखंड लावायचं नाही. निशाण कमरेला खोचायचं. चढणाऱ्याच्या तळहातांना आणि तळपायांना हुसेनमामा उदाच्या धुपाटण्यातली राख चोळायचे आणि मग धोंड्याच्या पायाशी डोळे मिटून दुवा मागत बसायचे. निशाण लागेपर्यंत त्यांनी डोळे उघडायचे नाहीत. बाकीचं गाव खाली जावांपाशी थांबायचं. बायका त्याच्याही खाली. राखेनं घाम सुकतो आणि पकड बसते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आम्ही त्याला पीराची कृपा म्हणायचो. दोन्ही खरं असेल.

मानाबरोबर रान होतं. पायथ्याचा एक तुकडा, त्याला 'निशाणाचं रान' म्हणायचे, आणि त्यात एक विहीर. त्या बाजूला उन्हाळ्यात पाणी असणारी तेवढी एकच. आम्ही खात होतो ते त्या रानातलं आणि पीत होतो ते त्या विहिरीतलं. दुसरं आमच्याकडं काही नव्हतं. ज्याचं निशाण त्याचं रान, असं पूर्वापार चालत आलेलं.

हे सगळं महाराज गादीवर असतानाचं आहे. ते राज्य चांगलं होतं असं म्हणतात आणि मीही म्हणते, कारण त्या राज्यातल्या शाळेमुळं माझ्यासारखी कुणब्याची पोर पुढं मास्तरीण झाली. पण गाठीचा ताप, प्लेग म्हणतात तो, कुणाच्या राज्याला भीत नाही. त्या हिवाळ्यात गाव रिकामं करून आम्ही रानात खोपटी घालून राहिलो होतो. त्या खोपटातच आप्पा गेले. त्यांचे दिवस घालून होतात न होतात तोच आप्पांचे थोरले भाऊ, थोरले आबा, दारात येऊन उभे राहिले. सांत्वनाला आले असतील असं आईला वाटलं. पदर डोक्यावरून घेऊन ती उठली.

"मान थोरल्या घराचा," आबा म्हणाले. "धाकट्यानं आजवर खाल्ला, मी बोललो न्हाई. आता पुरं झालं."

भाऊबंद म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. रडायलासुद्धा सवड देत नाहीत. पंच बसले. पंचांना दोन्ही घरं दुखवायची नव्हती, म्हणून त्यांनी सोपी वाट काढली. दोन्ही घरची पोरं चढू देत, निशाण लावेल त्याचा मान आणि त्याचंच रान. पहिल्यांदा थोरलं घर चढेल. आमच्याकडून दादा, त्यांच्याकडून आबांचा गणू.

गणू म्हणजे पैलवान. महाराजांना कुस्तीचा भारी नाद, त्यामुळं गावोगावची दांडगी पोरं कोल्हापूरच्या तालमींतून ठेवलेली. दूध, तूप, बदाम, कशाला कमी नाही. गणू त्यातलाच. गावात आला की पोरं मागून पळायची आणि म्हातारे त्याच्या दंडावर हात फिरवून बघायचे, बैल बघतात तसा. दादा त्याच्यापुढं म्हणजे वाळकी काटकी. "पैलवान निस्ता फुंकर मारंल आन् वर जाईल," असं गावात बोललं जात होतं. बोलणाऱ्यांनी धोंड्याचं पोट जवळून कधी बघितलेलं नव्हतं.

उरुसाच्या दिवशी ऊन असं होतं की कावळेसुद्धा गप्प होते. मी बायकांतून निसटले आणि मागून धाकट्या धोंड्यावर चढून कडेच्या एका कपारीत बसले, तिथून निशाणधोंड्याची समोरची बाजू तिरकी दिसायची. पोरींनी त्या दिवशी धोंड्याकडं फिरकायचं नाही असा दंडक. मला काय त्याचं! आप्पांचं निशाण कुणाच्या हातात जातंय ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. दगड इतका तापला होता की परकराची घडी करून खाली घ्यावी लागली.

हुसेनमामांनी राखेचं धुपाटणं पुढं केलं. गणूनं ते हातानं बाजूला सारलं. कमरेची एक पुरचुंडी सोडली आणि त्यातून लाल माती काढली.

"तालमीतली हाय," तो म्हणाला. "ह्या मातीनं मला कवा पाडलं न्हाई."

तालमीतली माती म्हणजे रानातली माती नव्हे. तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते, हाताला लोण्यासारखी लागते. पैलवानाला ती देवापेक्षा मोठी. ती कपाळाला लावल्याशिवाय तो लंगोट कसत नाही. गणूनं ती कपाळाला लावली, इथवर ठीक होतं. मग त्यानं ती तळहातांना चोळली, वाकून तळपायांनाही चोळली. श्रद्धेनं चोळली, तेवढं मात्र म्हणते. खालून गाव ओरडलं, हलगी कडाडली. मामा काही तरी बोलायला गेले, पण त्या गलक्यात त्यांचं कोण ऐकतंय? ते डोळे मिटून बसले.

उंबरा आणि चिकटी त्यानं नुसत्या हाताच्या जोरावर मारली. खरं सांगायचं तर मला वाटलं, गेलं निशाण. मग तो कडेवर पोचला आणि पोटाला भिडला. तापल्या दगडावर त्या मातीतलं तेल सुटलं, वरून घाम. त्याचा हात टेकायचा आणि सरकायचा. दगडावर तांबडे फराटे उठले. तरी रेटून त्यानं ते शिंग एका हातानं धरलं आणि तेवढ्यात कडेवरचे दोन्ही पाय सुटले. लोंबकळला. खाली जाता येईना, वर जाता येईना. हत्तीएवढा माणूस, चिमणीसारखा श्वास घेत होता.

दादानं मामांच्या धुपाटण्यातली राख आपल्याच हातानं घेतली आणि चढला. तो कडेवर आला तेव्हा डावीकडून पोटावर जायला वाट मोकळी होती. मला दिसत होती, त्याला तर पाठच होती. निशाण त्याच्याही कमरेला होतं. दोनदा पाय टाकला असता तर आप्पांचा मान, रान, विहीर, सगळं घरात राहिलं असतं.

"गणूदा, भिऊ नगंस," तो हळूच म्हणाला. "माझ्या खांद्यावर पाय ठेव. सावकाश खाली घेतो तुला."

गणूनं पाय ठेवला. मग दुसरा पाय ठेवला, तो दादाच्या डोक्यावर. आणि खाली यायच्या ऐवजी त्यानं जोर लावला. दादाची हनुवटी खाड्कन दगडावर आपटलेली मला ऐकू आली. गणू पोटावरून वर सरकला, माथ्यावर गेला आणि निशाण रोवलं. खाली गाव वेडं झालं. दादा कडेवर धोंड्याला कपाळ टेकून उभा होता आणि त्याच्या हनुवटीतून रक्त गळत होतं.

गणू एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला नुसता स्वार्थी म्हटलं असतं. पण खाली उतरल्यावर पंचांसमोर तो काय बोलला? "ह्यानं माझा पाय वढला. लाथाडून वर गेलो म्हणून वाचलो, न्हाईतर मेलोच असतो." आणि दादाच्या हनुवटीकडं बोट दाखवलं. लाथेची खूण आयतीच होती. जावांपासून लोकांना उन्हात दोन काळ्या आकृत्यांपलीकडं काही दिसलं नव्हतं, आणि मामांचे डोळे रिवाजाप्रमाणं मिटलेले.

"खोटं बोलतोय! मी बघितलंय!" मी पुढं होऊन ओरडले.

"तू कुठनं गं बघितलंस?" पंचांतला एक म्हातारा म्हणाला.

"धाकट्या धोंड्यावनं."

मग काय विचारता! उरुसाच्या दिवशी पोरगी धोंड्यावर चढली, यावरच सगळा गदारोळ उठला. अपशकुन झाला तो हिच्यामुळंच, असं कुणी म्हणालं. सख्खी बहीण दुसरं काय बोलणार, असंही कुणी म्हणालं. आईनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली आणि मारताना ती स्वतःच रडत होती. पंचांनी मान आणि रान थोरल्या घराला दिलं.

त्या सालात काय काय झालं ते आळवत बसत नाही. विहिरीवरून आमच्या घागरी रिकाम्या परत यायला लागल्या. आई लांबच्या ओढ्यात वाळू उकरून झरा काढायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. दादा दुसऱ्यांच्या बांधावर राबायला जाऊ लागला. पण ते सगळं एक वेळ सोसलं असतं. गावानं दादाला 'पायवढ्या' म्हणायला सुरुवात केली, ते काही सोसवत नव्हतं. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीचा बाप आला, ओसरीवर टेकलासुद्धा नाही. "पावणं, राग मानू नगा," एवढं म्हणाला आणि मागं वळला. त्या रात्री मी दादाला म्हटलं, की जा आणि गणूचं डोकं फोड. तो शेळीचं दावं वळत बसला होता. "दगडानं फोडलेली हनुवटी भरती, हौसे," तो म्हणाला. "नाव भरत न्हाई. ते फोडून काय हुतंय?" मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आणि पुन्हा चैत्र आला. हल्ली मला वाटतं, माणसाला छळायला काळ नावाची काही वेगळी गोष्ट लागत नाही, ऋतू पुरतात. तोच वास, तीच कुसळं, त्याच वाऱ्यात हलगीचा तोच सराव. मान आता थोरल्या घराचा होता, म्हणजे निशाण गणूनं लावायचं होतं. आणि गणूला पोट चढता येत नव्हतं! भर दुपारी, कुणी नसताना, तो चोरून जायचा आणि कडेवरून परत यायचा. शेळ्या राखणाऱ्या पोरांनी बघितलं होतं आणि पोरांच्या पोटात काही राहत नाही. निशाण लागलं नाही तर मान सुटणार, पंच पुन्हा बसणार, रान आमच्याकडं परत येणार. एवढा सरळ हिशेब होता. मी उरुसाची वाट बघत होते. पीरसाहेबांना मी गुळाचा नवस बोलले होते, गणू पडू दे म्हणून.

उरुसाच्या आदल्या दिवशी थोरली काकी आली. डोक्यावर पदर, हातात पुरणपोळ्यांचं झाकलेलं ताट. वर्षभरात पहिल्यांदा तिला आमचं दार दिसलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "शिदू, दोनी घरांनी आता गोडीनं ऱ्हावं. उद्या गणूसंगं जरा वर जा. सोबत म्हनून. पोटापाशी निस्ता... हुबा ऱ्हा."

आई भिंतीकडं बघत राहिली. मी ते ताट उचललं, घरामागच्या परड्यात नेलं आणि शेळीपुढं ठेवलं. शेळीनं मिटक्या मारत खाल्लं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांत मी ते काम अजूनही धरते.

दादा म्हणाला, "येतो म्हनावं."

काकी गेल्यावर मी आकाशपाताळ एक केलं. "तुला काय लाज? पडू दे की त्याला! निशाण न्हाई लागलं की रान आपलं हाय!"

"आन् तो पडला तर?" दादा म्हणाला. "गाव म्हनंल, पायवढ्यानं लांबनंच वढला. रान मिळंल गं. नावाचं काय?"

दुसऱ्या दिवशी गणूनं माती आणली नव्हती. मुकाट्यानं दोन्ही हात मामांपुढं धरले आणि राख चोळून घेतली. पुढं गणू, मागं दादा, असे ते चढले. मी पुन्हा धाकट्या धोंड्यावर होते. एकदा बाटलेच होते, आता कशाला लपायचं? उघडी बसले होते.

कडेवर पोचल्यावर दादा खाली वाकला, खांदा दिला. गणूनं त्यावर पाय ठेवला, उंच झाला, एका हातानं शिंग धरलं. आता दुसरा पाय उचलून फक्त जोर लावायचा होता. तेवढ्यात दादानं मान वळवून खाली हाळी दिली.

"हलगी थांबवा!"

हलगी थांबली. बोडक्यावर झाड नाही, की आवाज अडवायला काही नाही. वर बोललेलं जावांपाशी शब्दन् शब्द ऐकू जातं. गाव माना वर करून बघत राहिलं.

"गणूदा," दादा मोठ्यानं म्हणाला, "गेल्या साली मी तुझा पाय वढला का खांदा दिला? गावाला सांग."

"शिद्या, आदी वर जाऊ दे," गणू दातांतल्या दातांत म्हणाला.

"जा की. घाई कुनाला हाय? आदी सांग."

खालून आबा ओरडले, "काय लावलंय रे तितं?" गणूची पोटरी थरथरत होती, मला स्वच्छ दिसत होती. त्याच्या घामाचे थेंब दादाच्या मानेवर पडत होते. दादाचे दोन्ही पाय कडेवर, आप्पांनी शिकवले तसे, आणि वर पैलवानाचं सगळं ओझं. तो हलला नाही. गणूनं खाली बघितलं, वर बघितलं. कुठंच काही नव्हतं. डोंगर कुणाच्या बापाचा नव्हता त्या दिवशी.

"खांदा दिलतास," तो पुटपुटला.

"गाव खाली हाय. मोठ्यानं."

"खांदा दिलता!" गणू बोंबलला. "शिदूनं खांदा दिलता! पाय वढला न्हाई! मी खोटं बोललो!"

आता हल, मी मनात म्हणत होते. दादा, आता एक पाऊल बाजूला हो. एवढंच. वर्षभर मी हेच स्वप्न बघितलं होतं, वाळूत झरा उकरताना, घागर वाहताना. दादा हलला. पण बाजूला नाही. गुडघे ताठ करत तो सरळ उभा राहिला आणि त्यानं गणूला पोटावर चढवलं. निशाण लागलं. मामांनी डोळे उघडले. हलगी बराच वेळ कुणी वाजवली नाही.

दादा खाली आल्यावर मी त्याच्या अंगावर धावून गेले. "मिळवलंस काय? रान त्यांचंच राहिलं! हलायचं की बाजूला!"

दादानं खांद्यावरची धूळ झटकली. हनुवटीवरच्या व्रणाला राख लागली होती. "पडला असता तर खोटारडा मेला असता, हौसे," तो म्हणाला. "लोकं मेलेल्याला चांगलंच म्हनत्यात. आता जिता हाय. रोज गावातनं हिंडंल. बघू दे की लोकांस्नी."

माझा दादा मऊ आहे असं मला वाटत होतं. त्या दिवशी कळलं, आमच्या घरात माझ्याहून कडवट माणूस एकच होता आणि तो तोंडानं गोड बोलायचा.

रान काही परत आलं नाही. निशाण गणूनंच लावलं ना, मग रिवाजानं मान त्याचाच, असं पंच म्हणाले. पंचांना रिवाज बरोबर त्यांच्या सोयीच्या वेळी आठवतो. पण पायवढ्या हे नाव त्या दिवसापासून गेलं. मुलीचा बाप पुन्हा आला होता, ओसरीवर ऐसपैस बसलासुद्धा. दादानं त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "पावणं, पाणी प्या आन् चला." लग्न त्यानं दुसरीकडं केलं, चांगलं केलं. गणूनं मात्र धोंडा सोडला. पुढच्या सालापासून त्यांच्या घरानं निशाणाची काठी पायथ्यालाच रोवायला सुरुवात केली. आजही पायथ्यालाच रोवतात. त्या रानात आता ऊस आहे, मोटरीचं पाणी आहे, आणि बांधावर कुणी भेटलं तर ते लोक मला वाकून नमस्कार करतात. मी तोंड फिरवते. वय झालं म्हणून राग सोडावा असं मला हरिपाठाच्या बायका सांगतात. का सोडावा? माझ्याकडं आप्पांचं दुसरं काय उरलंय?

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या चैत्रात गावी गेले होते, तेव्हा भाच्याला घेऊन बोडक्यावर गेले. जावांच्या पलीकडं माझे गुडघे चालेनात, तिथंच बसले. वर निशाणधोंड्यावर कॉलेजातली पोरं आली होती. पायात कापडी बूट, कमरेला दोर, माथ्यावर एकजण दोर धरून बसलेला. हौस म्हणून चढतात म्हणे हल्ली. हौस! आम्ही त्या धोंड्यापायी अन्नाला महाग झालो आणि ह्यांची सुट्टी चाललीय. मनात आलं, हाकलून द्यावं. एक सडपातळ पोरगा चिकटी संपवून पोटाखाली अडकला होता आणि वरचा त्याला ओरडून सांगत होता, "खांद्यावर पाय ठेव! अरे, खांद्यावर!"

मी तोंडाभोवती हात धरले.

"कुनाच्या खांद्यावर रे?" मी खालून ओरडले. मास्तरकीचा आवाज, अजून पोचतो.

"त्या कडेला खांदा म्हणतात, आजी," वरचा म्हणाला. "पहिल्यापासनं तेच नाव हाय."

"कुनाचा खांदा?"

"ते काय म्हाईत न्हाई."

"माझ्या भावाचा," मी म्हटलं. "शिदूचा. पाय ठेव बाबा, खुशाल ठेव. पण दुसरा डोक्यावर ठेवू नगंस."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. म्हातारीला ऊन लागलं असं त्यांना वाटलं असेल. त्या अडकलेल्या पोरानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग त्यानं खाली बघितलं, पाय उचलला आणि त्या कडेवर हळू ठेवला.